समुद्राची वेळ पाहून जावे

नाताळची सुट्टी जवळ आली, की हल्ली पुष्कळ घरांतून एक नवीन बोलणे ऐकू येते. पूर्वी मुले सुट्टीत आजोळी जात, किंवा फार तर जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या फेस्तास जात. आता नोकरीस लागलेला मुलगा आईस सांगतो, की आम्ही चौघे मित्र श्रीलंकेस जाणार आणि तेथे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्यास शिकणार. ह्या खेळास सर्फिंग म्हणतात. आईच्या पोटात गोळा उठतो, वडील खर्च किती ते विचारतात, आणि खरा विचारावयाचा प्रश्न तसाच राहून जातो. तो प्रश्न असा: बेटाच्या कोणत्या किनाऱ्यावर, आणि कोणत्या महिन्यात?

खेळ वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तो मूळचा प्रशांत महासागरातील हवाई वगैरे बेटांवरील लोकांचा. त्यांच्यापैकीच ड्यूक कहानामोकू ह्यांनी 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले आणि पुढे देशोदेशी हा खेळ लोकांस दाखविला. 2021 साली टोकियोस भरलेल्या ऑलिंपिकमध्ये त्यास प्रथमच स्थान मिळाले. पहाटे उठावयास लावणारा, अंग कष्टविणारा हा खेळ तरुणांनी शिकावा. मात्र समुद्राशी खेळावयाचे तर समुद्राची रीत आधी शिकली पाहिजे.

एक दार मिटते, दुसरे उघडते

गोव्याच्या किनाऱ्यावरील आमच्या वाचकांस ही रीत ठाऊक आहे. जून उजाडला, की समुद्र खवळतो. यांत्रिक होड्यांस 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते. संत जुवांवच्या दिवशी आपली मुले विहिरीत उड्या मारतात. त्या दिवसांत समुद्रात उतरण्याचे शहाणा रापणकार मनातही आणीत नाही.

आपल्या किनाऱ्यास एकच बाजू आहे. बेटास मात्र चारही बाजूंनी समुद्र असतो. मे-जूनमध्ये नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले, म्हणजे लंकेच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यांवर ते समुद्राकडून जमिनीकडे थडकतात. पाणी गढूळते, लाटा वेड्यावाकड्या होऊन आदळतात. परंतु तेच वारे बेट ओलांडून पूर्वेस पोचतात, तेव्हा तेथे ते जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. असा वारा लाटेस समोरून थोपवून धरतो. ती लवकर कोसळत नाही, तिचा दर्शनी भाग सफाईदार राहतो. डिसेंबरपासून ईशान्येचे वारे वाहू लागले, की हा सारा प्रकार उलटा होतो. पूर्वेचा किनारा खवळतो आणि नैर्ऋत्येचा शांत होतो.

लाटा मात्र ह्या वाऱ्यांच्याच नव्हेत. मोठ्या लाटा हजारो मैल दक्षिणेस, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत जन्मतात आणि कित्येक दिवस प्रवास करून लंकेस पोचतात. म्हणून लाट दुरून येते, आणि ती स्वारीस योग्य की अयोग्य हे किनाऱ्याजवळचा वारा व तळाची जमीन ठरवितात.

आपल्या सणांच्या हिशेबाने सांगावयाचे, तर नाताळपासून उपवासकाळ संपेपर्यंत नैर्ऋत्य किनारा, म्हणजे हिक्काडुवा, मिडिगामा, वेलिगामा, मिरिस्सा ही गावे. संत जुवांवच्या सणापासून 8 सप्टेंबरच्या मरियाजन्माच्या सणापर्यंत पूर्व किनारा, म्हणजे पोत्तुविलजवळील आरुगम बे. सर्वसाधारणपणे पहिल्या भागाचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल आणि दुसऱ्याचा मे ते ऑक्टोबर असा धरतात. परंतु दोन्ही टोकांचे महिने भरवशाचे नव्हेत. एप्रिलमध्ये व ऑक्टोबरमध्ये वारा ठरलेला नसतो आणि दुपारनंतर गडगडाटासह पाऊस येतो.

येथे मे महिन्याच्या सुट्टीविषयी सांगणे भाग आहे, कारण आपल्या पुष्कळ कुटुंबांस तीच सोयीची पडते. त्या महिन्यात पश्चिमेचे दार मिटत असते आणि पूर्वेचे नुकते किलकिले होत असते. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरील खोली स्वस्त मिळते आणि मुलांस ती मोठी कमाई वाटते. समुद्र बिघडला म्हणूनच ती खोली स्वस्त झाली आहे, हे ध्यानात ठेवावे.

शिकणाऱ्याचा किनारा वेगळा

महिना ठरला, तरी जागा ठरावयाची राहते. लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोली उरली, की लाट फुटते. मग त्या जागी तळाशी काय आहे, ह्याला फार महत्त्व येते. वेलिगामाचा उपसागर रुंद आहे आणि तळाशी वाळू आहे. पडले तरी वाळूवर पडावयाचे. म्हणून नवशिक्याने नाताळनंतर तेथे जावे, हे उत्तम. हिक्काडुवास पाण्याखाली पोवळ्यांचे खडक आहेत. ते पायास कापतात, डोक्यास लागले तर जीवही घेतात. आरुगम बे येथे जमिनीचे टोक समुद्रात शिरलेले आहे आणि लाट त्या टोकास वळसा घालून उजवीकडे लांबवर धावते. तिच्यासाठी दूरदूरच्या देशांतून जाणते लोक येतात. म्हणूनच ती जागा पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याची नव्हे. नवख्यांसाठी त्याच गावात लहान लाटांची निराळी जागा आहे; तेथेच आरंभ करावा.

वडोदऱ्याच्या वाचकांस खंभातच्या आखातातील भरतीओहोटी ऐकून ठाऊक असेल; तेथे पाणी दहा मीटरांच्या आसपास चढते-उतरते. लंकेत हा फरक एका मीटरहूनही कमी असतो. तेवढ्यावरून तो नगण्य समजू नये. खडकावर हातभर पाणी असणे आणि कमरेइतके असणे, ह्यांत अंतर मोठे आहे. शिवाय सकाळी वारा पडलेला असतो, उन्हे चढली की समुद्रावरचा वारा सुटतो. म्हणून पहाटेची वेळ बरी.

विहिरीत पोहणारा आणि समुद्र

आता जे सांगावयाचे आहे, ते विशेषतः बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आईबापांस. ज्याने समुद्र लहानपणापासून पाहिला, त्याला त्याचे भय ठाऊक असते. विहिरीत व नदीत उत्तम पोहणाऱ्या मुलास मात्र वाटते, की पाणी ते पाणीच. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने परत वेगाने आत जात असते. दोन्ही बाजूंस लाटा फुटत आहेत आणि मध्ये पट्टाभर पाणी गडद व निवांत दिसते, ती पुष्कळदा हीच वाट असते. अनोळखी माणूस शांत पाणी समजून तेथेच उतरतो, ओढला जातो, किनाऱ्याकडे तोंड करून झगडतो आणि दमून बुडतो. अशा वेळी झगडू नये. फळी सोडू नये. तीच तारक आहे. हात उंचावून मदत मागावी आणि किनाऱ्यास समांतर पोहत त्या ओघाच्या बाहेर यावे. फळीची दोरी घोट्यास बांधल्यावाचून, सोबत्यावाचून आणि मद्य घेऊन कधीही पाण्यात उतरू नये.

आणखी एक गोष्ट विसरू नये. 26 डिसेंबर 2004 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्सुनामीने लंकेत तीस हजारांहून अधिक माणसे नेली. हिक्काडुवाजवळ पेरालिया येथे भरलेली आगगाडी लाटेखाली गेली. भूकंप जाणवला, किंवा पाणी अकस्मात दूरवर मागे हटले, तर तमाशा पाहत उभे न राहता उंच जागी धावावे.

विचारावे कोणास?

लंकेचा विमानतळ नेगोंबोजवळ आहे, आणि नेगोंबो हे आपल्याच धर्मबांधवांचे, कोळ्यांचे गाव. तो किनारा ज्यांच्यामुळे श्रद्धेत टिकला, ते संत जुझे वाझ आपले बाणावलीचे. डच सत्तेने कॅथोलिक धर्मगुरूंस मनाई केली असता 1687 साली वेष पालटून ते तुतिकोरीनहून जाफन्यास उतरले आणि 1711 साली कँडी येथे देह ठेवीपर्यंत त्या बेटावर राबले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबोस त्यांना संतपद दिले. गोव्याच्या मुलाने त्या भूमीवर पाऊल ठेवताना एवढे तरी आठवावे. मिस्सा चुकवू नये. वेलिगामाहून मातर व गाल येथील देवळे दूर नाहीत. ऑगस्टमध्ये पूर्वेस जाणाऱ्याने 15 तारखेच्या सणास मधू येथील पवित्र मरियेच्या तीर्थास जाण्याचे ठरविले, तर प्रवासाचे सोने होईल.

आणि ज्या किनाऱ्यावर उतरावयाचे, तेथील कोळ्यास रोज सकाळी विचारावे. त्याने होडी वाळूवर ओढून ठेवली असेल, तर आपणही फळी भिंतीस टेकवून ठेवावी. तिकिटाचे पैसे गेले, सुट्टीचा दिवस गेला, मित्र हसले, तरी चालेल. देवाचे नाव घेऊन उतरतो, म्हणून भय नाही, असे कोणी म्हणेल. परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्यास आपल्या प्रभूने नकारच दिला होता. प्रार्थना करावी आणि वाराही पाहावा. दोन्ही एकाच नम्रतेची कामे आहेत.

मुलास नुसते 'जाऊ नकोस' म्हणणाऱ्या आईबापांस आमचे सांगणे आहे, की तो विचारल्यावाचून जाईल, त्यापेक्षा नकाशा पुढे ठेवून त्याच्याबरोबर बसा आणि किनारा व महिना दोघांनी मिळून ठरवा. मग त्याला आशीर्वाद देऊन पाठवा. समुद्र कुठे जात नाही; यंदा वेळ चुकली, तर पुढल्या नाताळास तो तेथेच असेल. मुलगा घरी परत आला पाहिजे.