टायरवरचे ते चार आकडे

गुरुवारी, ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. मुलुंड-घाटकोपरची गाडी ठाणे ओलांडून आमण्याला चढली की थेट नागपूरला उतरू शकते. टोल, बोगदा, वाचणारे तास, सगळे छापून आले. गाडीच्या टायरांबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही, आणि उपनगरातल्या गाड्यांच्या बाबतीत मला खरी काळजी त्यांचीच वाटते.

अंधेरी-बोरिवलीतले कुटुंब कामाला लोकलने किंवा मेट्रोने जाते. गाडी सोसायटीच्या आवारात उभी असते. रविवारी, लग्नाला किंवा गणपतीत गावी निघते. अशा गाडीचे टायर पाच-सहा वर्षांनीही नवेकोरे दिसतात. खाचा खोल, काळेपणा शाबूत. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. हवेतला प्राणवायू, ऊन आणि उष्णता यांनी ते हळूहळू कडक होते, आतल्या पोलादी पट्ट्यांवरची त्याची पकड सैल पडते. पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या कोंडीत हे कधीच कळत नाही. १२० च्या वेगाने तासन्‌तास, वैदर्भी उन्हात, गाडी भरलेली असताना कळते.

हे वय टायरच्या कडेवर छापलेले असते. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, बहुधा लंबगोल चौकटीत, चार आकडे शोधा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पुष्कळ टायरांवर हा आकडा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेलेली असू शकते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाइलच्या उजेडात वाचावे लागते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी दिसायला कितीही चांगला असला तरी काढा, असे टायर कंपन्याच सांगतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांवरच थांबतात. माझे मत सहाच्या बाजूचे. स्टेपनीचाही आकडा पाहा. मधे चार टायर बदलले आणि ती राहून गेली, तर ती गाडीइतकीच जुनी असते.

मोठ्या अक्षरांतला आकडा बहुतेकांना ओळखीचा आहे. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १५ इंची रिम. त्यापुढच्या ‘८८ एच’कडे मात्र दुर्लक्ष होते. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. ‘माझा टायर २१० चा, मग १२० ला काय होणार?’ असा युक्तिवाद ऐकू येतो. तो धोकादायक आहे. ती क्षमता योग्य हवा भरलेल्या, धडधाकट टायरची असते. हवा कमी असली की कड प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडण्याने तापते आणि तापलेला टायर फुटतो. टायरवर लिहिलेला कमाल दाब ही वरची मर्यादा आहे, रोज भरायचा आकडा नव्हे. तो चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. भरल्या गाडीसाठी तिथे बहुधा वेगळा, जास्त दाब दिलेला असतो. टायर थंड असताना तो भरून घ्या.

आयएसआय चिन्ह आहे का बघा. बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेला असावा. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर असावी.

तपासणी होत नाही असे नाही. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर टायर तपासायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. चांगले पाऊल होते. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोलीच्या खाचा लागतात. कडेवर ‘टीडब्ल्यूआय’ लिहिलेल्या जागेसमोर खाचेत तेवढ्याच उंचीचा उंचवटा असतो. पण खाच मोजली म्हणजे वय मोजले असे होत नाही. खासगी मोटारीला पहिली पंधरा वर्षे फिटनेस चाचणी नाही, पीयूसीवाला धूरच बघतो. म्हणजे बोरिवलीच्या पार्किंगमधला आठ वर्षांचा टायर नागपूरपर्यंत कोणीही न वाचता जाऊ शकतो. सिएटचा टायर कारखाना ज्या भांडुपात आहे, त्याच्या आजूबाजूच्या सोसायट्यांतही हे घडत असेल, याचे वाईट वाटते.

पीयूसी केंद्रावरच हे चार आकडे वाचून प्रमाणपत्रावर नोंदवण्याची सक्ती परिवहन विभागाने करावी. एका टायरला मिनिटही लागणार नाही. दुकानदाराने बिलावर आठवडा आणि वर्ष लिहावे. लिहीत नसेल तर तुम्ही लिहायला लावा. आणि पुढच्या रविवारी समृद्धीवर निघणार असाल, तर शनिवारी खाली उतरून स्टेपनीसकट पाचही टायर वाचून घ्या.