नमाज बीदरची, इकामा रियाधचा, नागरिकत्व टोरांटोचं

बीदर आणि कलबुर्गी या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या जिल्ह्यांत दर पाच माणसांमागे साधारण एक मुसलमान आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांच्या बाजारात मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू सरमिसळ कानावर पडतात. त्याच बाजारात एक प्रश्नही अधूनमधून ऐकू येतो. पाच वेळा नमाज पढणारी, एकही रोजा न चुकवणारी माणसं अमेरिका, कॅनडा, इंग्लंड अशा धर्मनिरपेक्ष देशांत का जातात? इस्लामी देश कमी आहेत का? विचारणाऱ्याच्या मनात कधी कुतूहल असतं, कधी टोमणा. टोमणा मारणाऱ्यालाही सरळ उत्तर मिळायला हवं, कारण ते आकड्यांत, कायद्यांत आणि याच भागाच्या इतिहासात आहे.

मुळात प्रश्नाचा पायाच कच्चा आहे. घर सोडणारा मुसलमान पश्चिमेकडेच धावतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये जगातल्या स्थलांतरितांच्या धर्मांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२० साली जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं सुमारे २८ कोटी होती आणि त्यांत मुसलमान सुमारे ८ कोटी. या ८ कोटींचा सर्वांत मोठा हिस्सा पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत राहतो. एकेक देश पाहिला तर पहिला नंबर सौदी अरेबियाचा लागतो, तिथे एक कोटीहून जास्त मुसलमान स्थलांतरित आहेत. निर्वासितांचंही तसंच. सीरियातून पळालेले बहुसंख्य लोक तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डन या शेजारच्या देशांत राहिले आणि अफगाणिस्तानातून निघालेले पाकिस्तान-इराणमध्ये. जर्मनीत पोचलेल्या निर्वासितांचे फोटो जगाने पाहिले म्हणून तिथली गर्दी जास्त वाटते.

सीमाभागाचा अनुभव याहून वेगळा नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, आखाती देशांच्या हाती अफाट पैसा आला आणि तिथे रस्ते, बंदरं, इस्पितळं उभी राहू लागली. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखातून इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, गवंडी, शिंपी, कारकून आणि पुढे इंजिनिअर जेद्दा, दम्माम, रियाध, दुबईकडे निघाले. मक्का-मदिना जवळ, हलाल जेवणाची चिंता नाही, शुक्रवारची सुट्टी, उमरा करायला विमानाचं तिकीटही लागत नाही. धार्मिक माणसाला आणखी काय हवं?

त्याला हवा असतो कागद. सौदीत परदेशी माणूस इकाम्यावर राहतो, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आणि हा परवाना नोकरीला बांधलेला असतो. ज्याच्या नावाने नोकरी, तो कफील. कित्येक दशकं कफीलच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती, देशाबाहेरही पडता येत नव्हतं. २०२१ मध्ये हे नियम बरेच सैल झाले, तरी नागरिकत्वाचा मुद्दा जिथल्या तिथेच राहिला. तीस वर्षं तिथे घाम गाळलेला बीदरचा माणूस साठीला पोचतो तेव्हाही परकाच असतो. त्याचं मूल जेद्दात जन्मलं, तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये बारावी झालं, अस्खलित अरबी बोलू लागलं, तरी ते सौदी नागरिक होत नाही. बापाची नोकरी गेली की सगळं कुटुंब ‘एक्झिट’ व्हिसावर परत येतं.

त्यात जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबावर कर बसवला. सुरुवातीला माणशी महिन्याला १०० रियाल होते, दरवर्षी १०० ने वाढत २०२० मध्ये ते ४०० झाले. बायको आणि तीन मुलं असतील तर फक्त त्यांना सोबत ठेवण्यासाठी महिन्याला १६०० रियाल, वर्षाला १९,२०० रियाल. मध्यम पगाराच्या माणसाला हे पेलणारं नव्हतं. अनेकांनी बायकामुलांना गावी पाठवलं आणि स्वतः पुन्हा चार जणांच्या खोलीत राहू लागले. ज्यांच्याजवळ पदवी होती, इंग्रजी होतं आणि थोडी पुंजी होती, त्यांनी कॅनडाचे फॉर्म भरले.

पश्चिमेकडच्या वाटेचा मोठा भाग असा आखातातून गेलेला आहे, हे टोमणा मारणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ज्या देशात अजान ऐकू येते तिथे आधी जाऊन, आयुष्याची उमेदीची वर्षं देऊन, मग ही माणसं पुढे सरकतात. कॅनडात कायम रहिवाशाला पाच वर्षांत तीन वर्षं देशात काढली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अर्जदाराचा धर्म कोणी विचारत नाही. अमेरिकेतली वाट मात्र भारतीयांसाठी फार लांब आहे. नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत कित्येक भारतीय दशकभराहून जास्त काळ अडकून पडतात. तरीही ते थांबतात, कारण रांगेच्या शेवटी काहीतरी आहे. रियाधमध्ये अशी रांगच नव्हती.

निर्वासितांना सौदी का घेत नाही, असंही विचारलं जातं. आश्रय मागणाऱ्याला हक्क देणाऱ्या १९५१ च्या निर्वासित करारावर आखातातल्या सहापैकी एकाही राजवटीने सही केलेली नाही. सीरियाच्या युद्धात अनेक सीरियन लोक तिथे पोचले, राहिलेही, पण पाहुणे म्हणून किंवा कामगार म्हणून. जर्मनीत मात्र अर्ज करायला खिडकी होती.

आता दुसरा, जास्त खोल गैरसमज. धर्मनिरपेक्ष राज्यात धार्मिक माणूस गुदमरतो, म्हणून तो तिथे गेला तर एकतर ढोंगी असला पाहिजे किंवा त्याचा काही छुपा हेतू असला पाहिजे. या समजुतीला सगळ्यांत चांगलं उत्तर बीदर-कलबुर्गी ज्या संस्थानात होते, त्या हैदराबादच्याच एका विद्वानाच्या आयुष्यात सापडतं.

मुहम्मद हमीदुल्लाह यांचा जन्म १९०८ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिक्षण, मग बॉन आणि पॅरिस इथून डॉक्टरेट. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याची पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांपुढे हैदराबादची बाजू मांडायला गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. त्यांचा देश एका आठवड्यात नकाशावरून गेला. मागे राहिलेल्या मुलखात काय झालं हे भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवलं आहे: निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांनंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला, २७ ते ४० हजार माणसं मारली गेली आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर गुलबर्गा आणि बीदर होते. अनेक कुटुंबं कराचीला गेली, तिथे आजही हैदराबाद कॉलनी आहे. नव्या पाकिस्तानच्या घटनेबाबत सल्ला द्यायला हमीदुल्लाहही काही काळ कराचीला गेले. पण ते पॅरिसला परतले आणि तिथेच जवळपास अर्धं शतक राहिले.

फ्रेंच नागरिकत्व त्यांनी घेतलं नाही. निर्वासिताच्या कागदावर राहिले, लग्न केलं नाही, साधेपणाने जगले. फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात त्यांनी काम केलं आणि १९५९ मध्ये कुराणाचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला. २००२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात त्यांचं निधन झालं. इतक्या कडक धार्मिक माणसाला कट्टर धर्मनिरपेक्ष पॅरिसची अडचण झाली नाही. ग्रंथालयं उघडी होती, लिहिण्यावर कोणाची नजर नव्हती आणि मशिदीत कोणता इमाम बरोबर हे सरकार ठरवत नव्हतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. धर्माच्या नावाने चालणारं राज्य कोणत्यातरी एका पंथाचं असतं. शिया, अहमदी, सूफी किंवा वेगळ्या मताचा सुन्नी यांना अशा राज्यात जो त्रास होतो, तो निधर्मी राज्यात होत नाही. ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला जाणाऱ्या कलबुर्गीच्या भाविकाला हे सांगावं लागत नाही, कारण सौदी राजवटीने दर्गे आणि कबरींच्या भक्तीला कधीच थारा दिला नाही.

बिगर-मुस्लिम राज्यात आसरा घेण्याचा दाखला इस्लामच्या परंपरेतही आहे. इसवी सन ६१५ च्या सुमारास मक्केत छळ वाढला, तेव्हा पैगंबरांनी अनुयायांच्या एका गटाला अबिसिनियाला पाठवलं. तिथला राजा नजाशी ख्रिश्चन होता, पण न्यायी होता. इस्लामचं हे पहिलं स्थलांतर.

मात्र ‘पश्चिम’ म्हणजे एकच मुलूख नव्हे. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती, १७९१ ची, सरकारला कोणताही धर्म अधिकृत करू देत नाही आणि धर्माचरणात आडवंही येऊ देत नाही. खासगी नोकरीत १९६४ चा नागरी हक्क कायदा लागू होतो; त्याच्याच आधारे समंथा एलॉफ या तरुणीला डोक्यावरच्या स्कार्फमुळे नोकरी नाकारणाऱ्या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला. फ्रान्सने याउलट २००४ मध्ये सरकारी शाळांत मुलींना स्कार्फ घालायला बंदी केली आणि २०१० मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकायलाही. कॅनडाच्या क्विबेक प्रांताने २०१९ मध्ये शिक्षक आणि पोलिसांना कामावर धार्मिक चिन्हं वापरायला बंदी घातली. देश निवडताना कुटुंबं हा फरक नीट पाहतात. कर्नाटकात २०२२ मध्ये हिजाबचा वाद पेटला, मार्चमध्ये उच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजांतल्या गणवेशाबाबतचा सरकारी आदेश उचलून धरला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मुलींच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या इथल्या घरांत त्यानंतर हा हिशेब जास्तच होऊ लागला असेल तर नवल नाही.

पण बहुतेकांच्या जाण्याचं कारण धर्माशी फारसं जोडलेलं नसतं. अब्दुल क़दीर यांनी बीदरमध्ये १९८९ मध्ये सुरू केलेल्या शाहीन संस्थेत मदरशातून आलेली, कुराण तोंडपाठ असलेली मुलंही वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करतात. कलबुर्गीत ख्वाजा एज्युकेशन सोसायटीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. एमबीबीएस झालं की पुढे पदव्युत्तर जागा थोड्या आणि इच्छुक अनेक. मग इंग्लंडची प्लॅब परीक्षा किंवा अमेरिकेची यूएसएमएलई. त्याच विमानात भालकीच्या वारकरी घरातला सॉफ्टवेअर इंजिनिअर बसलेला असतो. अमेरिकेत तो गणेशोत्सव करतो, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला जातो, पिट्सबर्गच्या व्यंकटेश मंदिरात माथा टेकतो. ‘इतका धार्मिक असून धर्मनिरपेक्ष देशात कसा?’ असं त्याला कोणी विचारत नाही. विचारूही नये. मग हा प्रश्न शेजारच्या सीटवरच्या डॉक्टरलाच का?

यावर उत्तर येतं की ते कायदा बदलायला जातात. इथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडायला हव्यात. २०१६ मध्ये आयसीएम संस्थेने ब्रिटिश मुसलमानांची पाहणी केली. ८६ टक्क्यांनी सांगितलं की ब्रिटन आम्हाला आपलं वाटतं. त्याच पाहणीत ५२ टक्के म्हणाले की समलैंगिकता कायदेशीर नसावी. मिशिगनमधल्या हॅम्ट्रॅमक शहराच्या संपूर्ण मुस्लिम नगर परिषदेने २०२३ मध्ये सरकारी जागेवर इंद्रधनुषी झेंडा लावायला मनाई केली. अंजेम चौधरीसारखा प्रचारक लंडनमध्ये बसून दहशतवादी संघटना चालवत होता आणि त्यासाठी २०२४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ज्या राज्याने आपल्याला मोकळीक दिली, तिथे दुसऱ्याची मोकळीक नाकारणं हा दुटप्पीपणा आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे. पण तो कोट्यवधी माणसांच्या जाण्याचं कारण नाही. त्यांच्या मुलाखती घ्या, पगार, शाळा, इस्पितळ आणि पासपोर्ट हेच शब्द येतील.

बाहेरून आलेल्यावरचा संशय बीदरला नवा नाही. इराणमधल्या गिलानचा महमूद गवान १४५३ मध्ये व्यापारी म्हणून इथे आला, बहमनी सुलतानांचा वजीर झाला आणि १४७२ मध्ये त्याने बांधलेला मदरसा आजही शहरात उभा आहे. परदेशी ‘आफाकी’ आणि इथले ‘दखनी’ यांच्या वैरात एका बनावट पत्राच्या आधारे १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मारणारे आणि मेलेला, सगळे मुसलमानच होते.

आज वाटा पुन्हा बदलत आहेत. कॅनडाने २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांना मर्यादा घातली, ब्रिटनने त्याच वर्षी बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणायला बंदी केली आणि अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. आखातानेही थोडी दारं उघडली आहेत. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये गोल्डन व्हिसा आणला. सौदीने त्याच वर्षी कायमच्या निवासाचा प्रीमियम परवाना सुरू केला, त्याची किंमत ८ लाख रियाल ठेवली. महिना तीन-चार हजार रियाल कमावणाऱ्या हुमनाबादच्या ड्रायव्हरला तो घ्यायचा तर एक रियालही खर्च न करता सुमारे सतरा ते बावीस वर्षं पैसे साठवावे लागतील.