जुना संगणक, लिनक्स आणि पडद्यावरील अक्षर

जुन्या संगणकावर लिनक्स घातल्यानंतर देवनागरी अक्षरे कधी कधी फुगीर आणि पुसट दिसू लागतात. मुद्रिते तपासणाऱ्याला हे विशेष जाचते, कारण अनुस्वार आहे की नाही हेच कळत नाही. असे झाले की फॉन्टला दोष दिला जातो. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर तो फॉन्टचाच प्रश्न असतो. पण सगळा पडदाच पुसट असेल, तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर पाहावा.

सपाट मॉनिटरवरील ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. उदाहरणार्थ, आडवे १३६६ आणि उभे ७६८. योग्य ड्रायव्हर चालू नसला, की संगणक बहुधा १०२४ बाय ७६८ असे सर्वसाधारण चित्र पाठवतो आणि मॉनिटर ते ताणून बसवतो. त्या ताणात मात्रा आणि रफार पसरतात.

कोणता ड्रायव्हर चालू आहे हे पाहण्यासाठी टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’, मोकळी जागा, उणे चिन्ह आणि ‘के’ अशी आज्ञा रोमन लिपीत द्यावी. ‘व्हीजीए’ असा उल्लेख असलेल्या भागात ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ शोधावी. इंटेलच्या चिपसाठी तेथे बहुधा ‘आय९१५’, जुन्या एएमडीसाठी ‘रेडिऑन’ आणि एनव्हिडियासाठी ‘नूवो’ असते. हे तिन्ही ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. ओळच नसेल, तर ड्रायव्हर चालू झालेला नाही.

याची कारणे मुख्यतः दोन. पहिले, ‘नोमोडसेट’. सुरू होताना पडदा काळा राहिला, तर ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हा शब्द जोडून, एफ१० दाबतात. पडदा उजळतो, पण ही तात्पुरती कुबडी आहे. तिने कर्नलमधील ग्राफिक्स ड्रायव्हरच थांबतात. हा शब्द ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा राहिला असेल, तर काढावा. दुसरे, फर्मवेअर. रेडिऑनला स्वतंत्र फर्मवेअर लागते. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते २०२३ साली, बाराव्या आवृत्तीपासून आले. त्याआधीच्या आवृत्तीत ते वेगळे घालावे लागते.

एनव्हिडियाच्या जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिकांसाठी कंपनीच्या ३४० मालिकेतील ड्रायव्हर होता. त्याची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये आली. नव्या कर्नलवर तो बसवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा नूवो वापरावा. खेळांसाठी तो संथ असला, तरी लेखन-वाचनाला पुरतो.

शेवटी डिस्प्ले सेटिंग्जमधील आकडा मॉनिटरच्या मूळ आकड्याशी जुळतो का ते पाहावे आणि ‘मूर्तींना’ हा शब्द नेहमीच्या आकारात टंकावा. वेलांटी, रफार आणि अनुस्वार वेगवेगळे वाचता आले, म्हणजे हा संगणक मुद्रिते तपासण्याजोगा झाला.