४० दिवसांची ट्रायल वर्षानुवर्षं चालते, मग विनरारवाले पैसे कमावतात कसे?

पट्ट्यानं बांधलेली तीन पुस्तकं. हे चित्र कॉम्प्युटरवर बघितलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. फाईल उघडायला गेलं की विनरार सांगतं, '४० दिवसांची मुदत संपली, लायसन्स विकत घ्या.' आपण ती खिडकी बंद करतो आणि फाईल उघडतो. मुदत संपून चार वर्षं झाली तरी विनरार चालूच.

मुदत संपल्यावर सॉफ्टवेअर बंद पाडणं काही अवघड नाही. मग ते बंद का करत नाहीत?

सुरुवात झाली एका तक्रारीनं

साल १९७६. बिल गेट्स तेव्हा २० वर्षांचे होते. मायक्रोसॉफ्टनं आल्टेअर नावाच्या कॉम्प्युटरसाठी बेसिक ही भाषा तयार केली होती. लोक ती धडाधड कॉपी करून एकमेकांना देत होते. वैतागलेल्या गेट्स यांनी ३ फेब्रुवारीला एक जाहीर पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की आल्टेअर वापरणाऱ्यांपैकी १० टक्के लोकांनीही बेसिक विकत घेतलेलं नाही, आणि फुकटात काम करणं कुणाला परवडणार?

तक्रार खरी होती, पण कॉपी थांबेना.

मग काहींनी डाव उलटा टाकला

१९८२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगलमन आणि जिम नॉफ या दोघांनी साधारण एकाच वेळी वेगळी वाट धरली. सॉफ्टवेअर खुशाल कॉपी करा, मित्रांना द्या, उपयोगी वाटलं तर पैसे पाठवा. आयबीएममध्ये काम करणाऱ्या नॉफ यांच्याकडे इतके पैसे येऊ लागले की १९८४ मध्ये त्यांनी नोकरीच सोडली.

मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेले बॉब वॉलेस त्याच्याही पुढे गेले. त्यांचं पीसी-राईट ७५ डॉलरला रजिस्टर व्हायचं. तुम्ही दिलेल्या कॉपीवरून दुसऱ्या कुणी रजिस्टर केलं, तर २५ डॉलर कमिशन तुम्हाला! म्हणजे कॉपी करणारा चोर न राहता सेल्समन झाला. या पद्धतीला नाव पडलं, शेअरवेअर.

पण नुसत्या चांगुलपणावर किती दिवस चालणार? म्हणून पुढं काहींनी अर्धा माल हातचा राखून ठेवला. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम' या गेमचा पहिला भाग फुकट होता, पुढच्या भागांसाठी पैसे मोजावे लागायचे.

विनरारचं गणित काय?

रशियन प्रोग्रॅमर युजीन रोशल यांचं विनरार १९९५ मध्ये आलं. आरएआर फाईल उघडणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत, त्यांचा कोडही मिळतो. पण तशी फाईल बनवायचा हक्क त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

घरी वापरणारा फुकट वापरतो आणि त्याला सवय लागते. उद्या तोच ऑफिसात गेला की तिथंही विनरार मागतो. ऑफिसला मात्र खिडकी बंद करून भागत नाही. तिथं ऑडिट असतं, हिशेब असतो, कायदा असतो. भारतात कॉपीराईट कायद्याच्या कलम ६३बी नुसार जाणूनबुजून पायरेटेड सॉफ्टवेअर वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं.

मग आपण करतो ती चोरी आहे का?

विनरारचं लायसन्स स्पष्ट सांगतं, ४० दिवसांनंतर विकत घ्या किंवा काढून टाका. कुलूप लावलं नाही म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. फुकटच हवं असेल तर सेव्हन-झिप आहे. ते ओपन सोर्स आहे, तिथं कुणाचा हक्क बुडत नाही.

क्रॅक केलेली कॉपी तर सगळ्यात वाईट. २०२३ मध्ये विनरारमध्ये एक मोठी त्रुटी सापडली आणि हॅकर्सनी तिचा फायदाही घेतला. ६.२३ या व्हर्जनमध्ये ती दुरुस्त झाली. पण विनरार आपोआप अपडेट होत नाही, त्यामुळे कुठून तरी उतरवलेली जुनी कॉपी वापरणारा तसाच उघड्यावर राहिला.

हे सगळ्यांना जमतं का?

नाही. विनरार कोट्यवधी कॉम्प्युटरवर आहे, त्यातल्या थोड्यांनी पैसे दिले तरी भागतं. पण तालुक्यातल्या मेडिकल दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पोराकडं गिऱ्हाईकच दोनशे असतात. त्यातल्या दीडशे जणांनी एकाच पेनड्राईव्हवरून कॉपी मारली, तर पुढच्या वर्षी जीएसटीचा नियम बदलल्यावर ते दुरुस्त करून द्यायला तो या धंद्यात उरलेला नसतो.

विनरारची खिडकी बंद केल्यानं विनरार बुडत नाही. असं दुकान मात्र बुडतं.