बिनपगारी हात आणि व्यवस्थापनाचा अभ्यास

शेगाव स्टेशनावर उतरलेली बहुतेक गर्दी मंदिराकडे वळते. पाठीवर दप्तर अडकवलेली काही पोरं मात्र खामगाव रस्ता धरतात. तिथे १९८३ साली सुरू झालेलं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि अभियांत्रिकीच्या जोडीला एमबीएही शिकवतात. माणसं कामाच्या ठिकाणी कशी वागतात, त्यांना हुरूप कशाने येतो, चुकलेल्याला कसं सांगावं, हे या अभ्यासाचे नेहमीचे विषय. यातलं सगळ्यात अवघड उदाहरण बघायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. ते गावातच, गजानन महाराज संस्थानच्या मंदिर-आवारात रोज पहाटेपासून चालू असतं.

गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली. संस्थानची स्थापना त्याच्या दोन वर्षं आधीची. आज तिथे पगारी कर्मचारी आहेतच; पण दर्शनबारी, प्रसादालय, पादत्राणं, भक्तनिवास, झाडलोट असा कामाचा मोठा भार उचलतात ते सेवाधारी. यांतले पुष्कळ जण खेड्यापाड्यांतले शेतकरी आणि शेतमजूर. ठरावीक दिवसांची पाळी करायची, पांढरे कपडे घालायचे, मिळेल ते काम करायचं आणि घरी परतायचं. मोबदला एक पैसा नाही. तरी सेवेसाठी नाव नोंदवून पाळीची वाट बघणारे कितीतरी असतात. कुठल्याही मनुष्यबळ अधिकाऱ्याला विचारा. रोजच्या कामाला माणसं मिळत नाहीत म्हणून त्याची झोप उडालेली असते.

आता अडचण बघा. कारखान्यात माणूस चुकला तर मेमो निघतो, वेतनवाढ अडते, फारच झालं तर नोकरी जाते. सेवाधाऱ्याचं काय अडवणार? तो स्वतःची पेरणी किंवा मळणी सांभाळून आलेला. त्याला चारचौघांत टाकून बोललात तर पुढच्या पाळीला तो येणार नाही, आणि गावात जाऊन सांगेल ते वेगळंच. तरीही बारी हलते, फरशी कोरडी राहते, समोरच्याला ‘माऊली’ म्हणूनच हाक मारली जाते. वैतागलेल्या, तान्हं पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या, रांग मोडून पुढे घुसू पाहणाऱ्या माणसालाही हात जोडून तेच संबोधन. दिवसभर हे करणं म्हणजे गंमत नाही.

पगार आणि धाक बाजूला ठेवून माणसाचं काम कसं सुधारायचं, हाच प्रश्न घेऊन जगात एक स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली आहे: वर्कप्लेस कोचिंग. टेनिस शिकवणाऱ्या टिमोथी गॅलवे यांनी १९७४ सालच्या पुस्तकात मांडलं, की खेळाडूवर सूचनांचा भडिमार केला की तो बिघडतो. त्याचं लक्ष चेंडूवर आणून सोडलं की तो आपला आपण सुधारतो. मोटारशर्यती गाजवलेले जॉन व्हिटमोर यांनी ते कचेरीत आणलं. त्यांच्या १९९२ सालच्या पुस्तकातली चार पायऱ्यांची पद्धत आज सगळीकडे शिकवली जाते: काय साधायचंय, आत्ता कुठे आहेस, कोणते मार्ग आहेत, यातलं नक्की काय करणार. साहेबाने उत्तर द्यायचं नाही, विचारायचं. सिडनी विद्यापीठात अँथनी ग्रँट यांनी २००० साली कोचिंग मानसशास्त्राचा विभाग सुरू केला आणि विषयाला पदव्युत्तर अभ्यासाचं वजन आलं.

आपल्याकडेही याचं मूळ जुनं आहे. १९७४ साली उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या दोन प्राध्यापकांनी मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोसाठी कर्मचारी मूल्यमापनाचा अभ्यास केला. गुण देऊन फाइल बंद करू नका, वरिष्ठाने कर्मचाऱ्याजवळ बसून बोललं पाहिजे, असा त्यांच्या शिफारशींचा एक भाग होता. मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग देशात पहिल्यांदा तिथेच निघाला.

शेगावात मात्र जवळ बसून बोलण्याला फारसा वावच नाही. तिथे शिकवते ती रचना. काम लहान आणि स्पष्ट असतं: तू या वळणावर उभा राहा, तू वरण वाढ. शेजारी जुना सेवाधारी असतोच. त्याचं बघत बघत नवा शिकतो. पाळी संपते, त्यामुळे कंटाळा मुरायच्या आत माणूस घरी गेलेला असतो. प्रसादालयात वाढणाऱ्याला समोरच्या ताटावरूनच कळतं, आपण कुठे कमी पडलो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ज्याला फीडबॅक म्हणतात तो इथे पोळी मागणाऱ्या हातातून येतो, आणि लगेच येतो.

शेगाववर लिहिणारे बहुतेक जण सगळं श्रेय शिवशंकरभाऊ पाटलांना देऊन मोकळे होतात. भाऊंनी अनेक दशकं संस्थानचा कारभार पाहिला. संस्थानचं पाणीसुद्धा ते घेत नसत, असं सांगतात. वरचा माणूस असा असला की खालच्याला उपदेशाची गरज उरत नाही, हे खरंच. पण एवढ्यावर थांबलं की अभ्यासाचं चरित्र होतं आणि चरित्राची आरती. उद्या खामगावच्या साबण कारखान्यातला पाळीप्रमुख किंवा पतसंस्थेच्या शाखेतला व्यवस्थापक त्या आरतीचं काय करणार?

उलट बाजूही मांडायला हवी. सेवाधारी श्रद्धेने येतो. ही श्रद्धा कंपनीच्या भरतीच्या जाहिरातीत मागता येत नाही. काही कंपन्या ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणत फुकट जादा काम काढून घेतात, त्यांनी तर शेगावचं नावही घेऊ नये. शिवाय व्हिटमोर यांच्या पद्धतीचा जीव प्रश्नात आहे, शेगावच्या पद्धतीचा आज्ञापालनात. ‘हे असंच का?’ असं सेवाधारी सहसा विचारत नाही. विचारायला तो आलेलाच नसतो. बारीसाठी हे उत्तम. जिथे नवं काही शोधून काढायचंय, त्या कामाला ही पद्धत पुरी पडेल असं मला वाटत नाही.

४ ऑगस्ट २०२१ रोजी भाऊ गेले. त्यानंतरही सेवाधाऱ्यांच्या पाळ्या लागतात, पंगती उठतात. खामगाव रस्त्यावरच्या एखाद्या एमबीएच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी लांबची कंपनी धुंडाळण्याऐवजी इथेच वही घेऊन बसावं. पगारी कर्मचारी आणि बिनपगारी सेवाधारी एकाच दालनात काम करतात, तेव्हा कोण कोणाची चूक दाखवतं आणि कोणत्या शब्दांत, एवढंच महिनाभर टिपलं तरी पुरे.