शून्य संसर्ग म्हणजे नक्की किती?

समजा, वारज्यातल्या एका प्रसूतिगृहात सात आठवडे आधीच बाळ जन्माला आलं. तिथे एनआयसीयू नाही, म्हणून रात्रीच अँब्युलन्सने शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयात हलवलं. आठवड्याभरात बिल झेपेना, मग तिथून सरकारी रुग्णालयात. तिथे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाळाच्या रक्तात क्लेबसिएला सापडला. आता सांगा, हा संसर्ग कोणाच्या खात्यावर?

अमेरिकेच्या सीडीसीचा यासाठी सरळ नियम आहे. नव्या ठिकाणी आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संसर्ग सुरू झाला, तर तो आधीच्या ठिकाणाचा धरायचा. पण आधीच्या रुग्णालयाला हे कळवणार कोण? कोणीच फोन केला नाही, तर त्यांच्या वहीत ते बाळ 'सुखरूप रवाना' असंच राहतं. रुग्णालयांनी एकत्र काम करायचं म्हणजे काय, तर सुरुवात या एका फोनपासून होते.

पुण्यात असं काम झालेलं आहे. 2017-18 मध्ये शहरातल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या एनआयसीयूंमध्ये वर्षभर 4,000 हून जास्त बाळांची नोंद ठेवली गेली. रक्तातल्या संसर्गात सगळ्यात जास्त आढळला तो क्लेबसिएलाच. पुढे इथल्याच चार एनआयसीयूंमध्ये 'कस्प' ही पद्धत राबवली, त्यावरचा पेपर 2022 मध्ये आला. डॉक्टर, नर्स आणि प्रशासन यांनी एका टीममध्ये बसून आपल्या वॉर्डातले धोके शोधायचे, असा तिचा गाभा. या पद्धतीचं नाव झालं ते मिशिगन राज्यातल्या प्रयोगामुळे. तिथे 100 हून जास्त आयसीयू एकत्र आले आणि सेंट्रल लाइनमुळे होणारे संसर्ग दीड वर्षात 66 टक्क्यांपर्यंत घटले. तो पेपर 2006 चा. वाचाच, पण तिथे तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे लक्षात ठेवून वाचा.

आता मोजणीकडे या, कारण तुमचा बराचसा वेळ इथेच जाणार आहे. एका रुग्णालयात महिन्यात 4 संसर्ग, दुसऱ्यात 6. पहिलं चांगलं? थांबा. पहिल्यात सगळ्या पेशंटचे मिळून 500 लाइन-दिवस भरले (एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस), दुसऱ्यात 1,500. म्हणजे दर हजार लाइन-दिवसांमागे पहिल्यात 8 आणि दुसऱ्यात 4. चित्र उलटलं.

आणि तिसरं रुग्णालय? तिथे शून्य. कारण तिथे ब्लड कल्चर पाठवतच नाहीत! ताप आला की अँटिबायोटिक सुरू. कल्चरचा खर्च वाचतो आणि तक्त्यात नाव सगळ्यात वर येतं. जे प्रामाणिकपणे तपासतात तेच वाईट दिसतात. अशा तक्त्यावरून बक्षिसं किंवा नोटिसा द्यायला लागलात, तर पुढच्या वर्षी सगळेच शून्यावर येतील, याची मला तरी खात्री वाटते.

हे फक्त आपल्याकडचंच असंही नाही. इंग्लंडने मिशिगनसारखी मोहीम काढली, तेव्हा मेरी डिक्सन-वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 17 आयसीयूंमध्ये जाऊन लोक मोजतात कसं, तेच पाहिलं. मुद्दाम लपवाछपवी हे कारण नव्हतं. पण कल्चर कधी पाठवायचं, कोणता संसर्ग लाइनचा धरायचा, हे प्रत्येकजण आपापल्या समजुतीने ठरवत होता. 2012 चा हा पेपर माझ्या मते या विषयातला सगळ्यात आधी वाचावा असा.

म्हणून प्रपोजल लिहिताना 'संसर्गदर कमी करणे' हे उद्दिष्ट टाकण्याआधी एक साधा तक्ता करा: प्रत्येक रुग्णालयातून दर हजार पेशंट-दिवसांमागे किती ब्लड कल्चर जातात. तो आकडा रुग्णालयागणिक पाचपट-दहापट बदलत असेल, तर संसर्गाचे दर शेजारी शेजारी मांडू नका. आधी त्या आकड्यावरच काम करा. गाइड म्हणतील, विषय लहान झाला. होऊ द्या.