मालक बदलला, तर भाडेकरूने काय करावे?

खडकीत वाडा किंवा चाळ विकली गेली की, "आता आम्हांस बाहेर काढतील काय?" असे आपले बांधव आम्हांस विचारतात. केवळ मालक बदलल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०९ नुसार खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. विक्रीची माहिती नसताना जुन्या मालकास दिलेले भाडे पुन्हा द्यावे लागत नाही. म्हणून खरेदीखत पाहूनच नव्या मालकास चेकने भाडे द्यावे, पावती घ्यावी व जुन्या पावत्या जपाव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. मात्र कॅन्टोन्मेंटमधील भाडेनियंत्रण केंद्राच्या अखत्यारीत येते. तेथील रहिवाशांनी वकिलाचा सल्ला घ्यावा. कोऱ्या कागदावर सही कोणीही करू नये.